कलमी वांग्यांचा परीक्षक

बुकित पंजांग, सिंगापूर
६ जुलै २०२५

प्रिय नंदे,
अनेक आशीर्वाद.

ही मेल आहे, घरच्या ग्रुपवर टाकलेलं नाही, हे आधी लक्षात घे. ग्रुपवर मी काहीही लिहिलं की निशिकांतकाका जोडलेले हात टाकतात आणि मग दोन दिवस सगळे तेच हात टाकत बसतात. मला खरंखुरं उत्तर हवंय आणि ते फक्त तुझ्याकडे आहे.

मी परीक्षक झालोय. हसू नकोस. आमच्या ब्लॉकमागे रहिवाशांची बाग आहे, तुला सांगितलं होतं. बोटीवरून निवृत्त झाल्यापासून मी तिथे पडीक असतो. बागेतली वांगी दरवर्षी मर लागून जातात. सकाळी टवटवीत, संध्याकाळी मान टाकलेली. तर एकदा हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना मी सहज म्हणालो की माझ्या धाकट्या बहिणीची नारायणगावला नर्सरी आहे, ती रानवांग्याच्या खुंटावर चांगल्या वांग्याचं कलम करून रोपं विकते, त्यांना मर लागत नाही. झालं! बागेचे अध्यक्ष अंकल लिम यांनी कपच खाली ठेवला. गेल्या महिन्यात एक प्रशिक्षक बाई बोलावल्या, त्यांनी खुंटाची रोपं आणली, सगळ्यांनी आपापलं एकेक कलम बांधलं. आता राष्ट्रीय दिनानंतरच्या दुसऱ्या रविवारी प्रदर्शन आहे. ज्याचं रोप पहिलं येईल त्याला कुंपणाजवळचा वाफा वर्षभर मिळणार. त्या वाफ्यावर दिवसभर ऊन असतं. इथल्या लोकांना फ्लॅट मिळाल्यावर झाला नसेल एवढा आनंद त्या वाफ्याने होईल.

आणि परीक्षक मी! मी म्हटलं, अहो, मी मरीन इंजिनियर, मला वांगं भरून खाण्यापलीकडे काही कळत नाही. तर अंकल लिम म्हणाले, "युअर सिस्टर एक्स्पर्ट, सो यू आल्सो एक्स्पर्ट लाह."

इतर मंडळी चांगली आहेत. मिसेस राजेश्वरी आहेत, मकचिक, म्हणजे मलयमध्ये मावशी, रोहाना आहेत, आणि एक सुलभा म्हणून आहेत, मराठीच, बँकेच्या अकाउंट्समधून निवृत्त. त्या चोआ चू कांगला राहतात, तिथल्या बागेत जागा नाही म्हणून एलआरटीने इथे येतात. सुलभाबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या कुदळ धरण्याला नावं ठेवली. शिक्षण पुण्याचं आहे ना. तर सुलभाबाईंचं म्हणणं की परीक्षकाने निकष आधी सांगायला हवेत. त्यांचं बरोबर आहे. म्हणून विचारतो, कलमी रोप चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं? नीट सविस्तर लिही. तुझी इज्जत माझ्या हातात आहे.

तुझा,
दादा

नारायणगाव
८ जुलै

ति. दादास सा. न.

माझी इज्जत तुझ्या हातात आहे हे वाचून मी पाणी प्यायले.

ऐक. पहिली गोष्ट, उंची बघायची नाही. उंच रोप म्हणजे उजेड शोधत लांबलेलं रोप. गिऱ्हाईक येतं, सगळ्यात उंच रोपाला हात घालतं, आणि मी मनात कपाळ बडवून घेते. बुटकं, जाड, आखूड पेऱ्यांचं रोप चांगलं. पान हिरवं हवं, पण काळंभोर हिरवं नको, ते खत पाजून आणलेलं असतं. रोप ट्रेमधून उचललं की कोकोपीटचा गोळा अख्खा निघाला पाहिजे आणि मुळ्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत.

पण ही सगळी वरवरची तपासणी. खरं बघायचं ते जोड. खाली खुंट, वर काडी, दोन्ही सारख्या जाडीची हवीत. मध्ये फट नको. जोडाच्या वर काडीला स्वतःच्या मुळ्या सुटलेल्या नकोत आणि जोडाच्या खाली खुंटाला फुटवा नको. फुटवा दिसला की लगेच नखाने खुडायचा. नाहीतर रानवांगं डोकं वर काढतं आणि वरच्या काडीला उपाशी मारतं. माती कधीही जोडाच्या वर नाही. शेवटी दुपारच्या उन्हात तासभर ठेव. ताठ राहिलं तर जोडातून पाणी वर जातंय. एवढं जमलं की तू पास.

आता दुसरं. तुझ्या पत्रात अंकल लिम आले कामापुरते, मकचिक रोहाना नावापुरत्या, आणि सुलभाबाई मात्र ओळीआड. त्या काय म्हणाल्या, कुठे राहतात, कशाने येतात, हे सगळं मला कळलं. त्यांनी बांधलेलं कलम कसं आहे ते तेवढं लिहायचं राहिलं. तेही कळव!

तुझी,
नंदा

बुकित पंजांग
२० जुलै

प्रिय नंदे,

तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. त्या एक सहकारी सदस्य आहेत. बस.

इकडे माझ्या हातून एक अपघात झाला. तू लिहिलंस की खरं बघायचं ते जोड. मी आयुष्यभर जोड तपासले आहेत. पाइपचे, बॉयलरचे. वेल्डिंग बरोबर आहे की नाही हे ओढून, ठोकून बघतात, नुसतं बघून नाही. म्हणून काल सरावासाठी मी अंकल लिम यांचं रोप घेतलं आणि दोन्हीकडून धरून हलकेच ताण दिला. म्हणजे मला तो हलका वाटला. वांगं माझ्या उजव्या हातात आलं आणि खुंट डाव्या हातात राहिला. अंकल लिम शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, एवढंच. मकचिक रोहानांनी "अलामाक!" म्हणून डोळ्यांवर हात घेतला.

सुलभाबाई मात्र इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग त्यांनीच उठून नवी काडी कापली, अंकल लिमना त्याच खुंटावर दुसरं कलम बांधून दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परीक्षकांनी हात खिशात ठेवावेत." तेव्हापासून मी ते खिशातच ठेवतो.

त्यांचं स्वतःचं रोप जरा नाजूक आहे. काडी थोडी मलूल दिसते. म्हणून मी रोज संध्याकाळी जाऊन त्यावर पाण्याचा फवारा मारतो, चांगला भरपूर, जोडावरसुद्धा. परीक्षकाने एका स्पर्धकाला मदत करणं योग्य नाही हे मला कळतं. पण रोप आजारी असताना नियम काय बघायचे? त्याही तेवढ्या वेळेला येतात. कधी थालीपीठ आणतात, कधी नुसता चहा. आम्ही रोपाची चर्चा करतो. अंधार पडेपर्यंत चालते, कारण विषय मोठा आहे.

इरा काल वन-नॉर्थच्या ऑफिसातून येताना बागेतून आली. घरी आल्यावर म्हणते, "बाबा, यू वॉटरिंग द प्लांट ऑर द आंटी?" आजकालच्या मुलांना बोलायचं भान नाही.

दादा

नारायणगाव
२४ जुलै

ति. दादा,

जोडावर फवारा!! अरे माणसा, जोडाला लावलेल्या क्लिपमध्ये पाणी साचलं की काडी कुजते. आजपासून बंद. पाणी फक्त मुळाशी. आणि कलम म्हणजे वेल्डिंग नव्हे. ते जिवंत असतं, त्याला एकमेकांत मुरायला वेळ लागतो. ओढून बघायचं नसतं. तुझा प्रताप मी पॅकिंग शेडमधल्या बायकांना वाचून दाखवला तर त्यांनी काम थांबवलं. आता रोज सकाळी विचारतात, सिंगापूरच्या भाऊंनी आज काय तोडलं?

आता गंमत बाजूला. वहिनी गेल्यापासून तुझी पत्रं कशी यायची आठवतं? "मी बरा आहे. इरा बरी आहे. हवा दमट आहे." सहा वर्षं मी तीच पत्रं वाचतेय. आणि परवा तुझं ते वांगं एका हातात नि खुंट दुसऱ्या हातात वाचलं आणि मी हसता हसता रडायलाच लागले. माझा दादा परत आला असं वाटलं. तेव्हा मी स्पष्टच विचारते, लपवाछपवी पुरे. तू तिला विचारणार आहेस की नाही? वय वगैरे सांगू नकोस. रोपांच्या चर्चेत अंधार पडत नाही, दादा. मी तीस वर्षं हाच धंदा करतेय.

नंदा

बुकित पंजांग
१७ ऑगस्ट

प्रिय नंदे,

विचारणार आहे.

हे तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही कारण मी हेच वाक्य लिहून खोडत होतो. आता लिहिलं आहे, तेव्हा झालं. पुढच्या रविवारी विचारणार. तू ओरडशील म्हणून शांतपणे सगळं सांगतो.

आज प्रदर्शन झालं. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती, अजून राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे काढलेले नव्हते. मी हात खिशात ठेवून तुझ्या निकषांप्रमाणे एकेक रोप बघितलं. मिसेस राजेश्वरींचं लांबलेलं होतं. मकचिक रोहानांचं छान होतं पण खाली फुटवा होता, मी नखाने खुडून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंकल लिम यांचं बुटकं, जाड, जोड असा एकजीव की मलाच गहिवरून आलं.

पण सुलभाचं रोप टेबलावर नव्हतंच. ते तिने नळामागे ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "राहू द्या, माझं काही खास नाही." किती विनय! मीच जाऊन कुंडी उचलून आणली. आणि नंदे, काय रोप होतं! आजारातून उठलेलं पोर अंग धरतं ना, तसं. ही मोठाली पानं, जाड खोड, उन्हात तासभर ठेवलं तर जराही मान टाकली नाही. बाकी सगळी त्याच्यापुढे किरकोळ. मी निःपक्षपातीपणे पहिला क्रमांक जाहीर केला. ती म्हणाली, "मला नको, लिमना द्या." दोनदा म्हणाली. मी म्हटलं, परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. तिचा चेहरा इतका लाल झाला होता की मला वाटलं, आता इथेच विचारून टाकावं. पण लोक होते.

पुढच्या रविवारी ते रोप कुंपणाजवळच्या वाफ्यात समारंभाने लावायचं आहे. ते झालं की तिला बाजूला घेऊन विचारणार. फोटो जोडला आहे. रोपाचा आहे, पण मागे निळ्या कुर्त्यात ती आहे.

दादा

नारायणगाव
१७ ऑगस्ट

दादा,

निळा कुर्ता सुंदर. बाई सुंदर. रोप रानवांगं.

फोटो मोठा करून बघ. खोडावर काटे आहेत. पानं कातरलेली आणि वर राखट लव. वांग्याची काडी कधीच मेली, तुझ्या फवाऱ्यांनीच बहुतेक. खालच्या खुंटाला फुटवा आला आणि तोच माजला. रानवांगं असंच माजतं, त्याला ना मर लागत ना लाज वाटत. तू भर सभेत जंगलातल्या झुडपाला पहिला नंबर दिलास. मी जमिनीवर बसून हसले. शेडमधल्या बायकांना अजून सांगितलेलं नाही, कारण मग आजची गाडी भरणार नाही.

पण एक गोष्ट मला हसू देत नाहीये. फोटोत जोड दिसत नाही. माती बघ कुठपर्यंत आहे. कुणीतरी मुद्दाम वरपर्यंत ओढून जोड झाकलाय. ज्या बाईने अंकल लिमना उभ्या उभ्या दुसरं कलम बांधून दिलं, तिला स्वतःची काडी मेलेली कळली नाही? दादा, मला तिला वाईट म्हणायचं नाही. पण उन्हाच्या वाफ्यासाठी माणसं काय काय करतात ते मी बघितलंय. तू विचारण्याआधी तिला विचार, माती कुणी ओढली.

आणि काहीही झालं तरी, ते झुडूप वाफ्यात जायच्या आधी सगळ्यांना खरं सांग. तू तिला खोट्या बक्षिसावर मागणी घालू नकोस.

नंदा

बुकित पंजांग
१८ ऑगस्ट

नंदे,

ती तशी नाही.

काटे मी आज जाऊन बघितले. आहेत. बोटालाही लागले. लोकांना मी सांगेन, माझी चूक आहे, मीच सांगेन. पण तिने लबाडी केली असेल हे तू पुन्हा लिहू नकोस. आणि लिहिलंस तरी मी वाचणार नाही.

मातीचं मी तिला विचारलं नाही. मला भीती वाटते. बोटीवर इंजिनरूमला आग लागली होती तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटते.

दादा

बुकित पंजांग
२४ ऑगस्ट

नंदे,

सांगितलं. विचारलं. हो म्हणाली.

बाकी तीच लिहिते म्हणते. तिच्यावर विश्वास ठेव, माझ्या बाबतीत ती थोडं वाढवून सांगते.

दादा

चोआ चू कांग
२५ ऑगस्ट

प्रिय नंदाताई,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण यांनी मला तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. माझ्याबद्दल शंका घेतलेलं पत्रसुद्धा. ते वाचताना यांचा आवाज इतका खाली गेला की मलाच पुढे वाचावं लागलं. शंका रास्त होती. तुमच्या जागी मी असते तर मीही घेतली असती.

आधी काल काय झालं ते सांगते. समारंभाला सगळे जमले. अंकल लिमनी वाफ्याला लाल रिबीन बांधली होती. हे पुढे आले, हातात नळी होती, ती बंद करायचं यांच्या लक्षात आलं नाही. तशाच वाहत्या नळीने यांनी भाषण केलं. म्हणाले, पहिला नंबर चुकला, हे वांगं नाहीच, हे रानवांगं आहे, दोष माझा आहे, मी रोप बघितलंच नाही. मग काय बघितलं, असं मकचिक रोहानांनी विचारलं. तर यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नंदाताई, पन्नास माणसांत! माझ्या चपलांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात मिसेस राजेश्वरी पुढे झाल्या, रोपाला आलेला पांढऱ्या फुलांचा झुपका बघितला आणि ओरडल्या, "सुंडक्काय!" त्यांच्याकडे याची मटारएवढी फळं वाळवून सांबारात घालतात म्हणे, आणि इथल्या मार्केटमध्ये ती नेहमी मिळत नाहीत. मकचिक रोहाना म्हणाल्या, छे, हे तेरुंग पिपित, हे आमच्या सांबलच्या चटणीत जातं. दोघी कुंडीच्या दोन बाजू धरून उभ्या राहिल्या. वाफा अंकल लिमना मिळाला, तो त्यांचाच होता. पण वाफ्याच्या कोपऱ्यात ते झुडूपही लागलं, कारण त्या दोघींनी कुंडी सोडलीच नाही. यांनी तोडलेलं रोप पहिलं आलं आणि यांनी कुजवलेलं रोप सगळ्यांना हवंसं झालं. परीक्षक म्हणून यांची कारकीर्द एवढीच.

आता मातीचं. माती मीच ओढली. काडी वीस जुलैच्या सुमारासच मेली होती. त्या संध्याकाळी मी ती काळी पडलेली काडी खुडून टाकली आणि कुंडी उचलून घरी निघणार, तेवढ्यात हे फवाऱ्याची बाटली घेऊन येताना दिसले. शर्ट इस्त्रीचा होता. बागेत कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? मी खाली बसले आणि खुंटाचा कोवळा फुटवा तेवढा वर राहील अशी मुठीने माती ओढली. मला वाटलं, रोप मेलंय कळलं तर उद्या हे येणार नाहीत. एकटीपुरता स्वयंपाक करायला लागल्याच्या बाराव्या वर्षी कुणासाठी तरी थालीपीठ लावायला मिळालं होतं, ते मला सोडवेना. लबाडी म्हणाल तर ही. वाफ्यासाठी नाही केली.

प्रदर्शनात ते रोप ठेवायचंच नव्हतं, म्हणून नळामागे लपवलं. यांनी शोधून आणलं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. मी लाजले असं यांनी तुम्हाला लिहिलंय. असू दे, त्यांना तसंच वाटू दे.

हे सगळं मी काल यांना सगळे पांगल्यावर बाकावर बसून सांगितलं. म्हटलं, रागवा. यांनी बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाले, "म्हणजे मी पाच आठवडे मेलेल्या रोपाला पाणी घालत होतो?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "आणि तुम्ही मेलेल्या रोपासाठी चोआ चू कांगहून रोज येत होतात?" मी म्हटलं, हो. मग दोघांनाही हसू आवरेना. इतकं की अंकल लिम परत बघायला आले. हसू थांबायच्या आतच यांनी विचारलं, आणि मी हो म्हणताना उचकी लागली. ती धरून दोनदा हो म्हटलं असं झालं.

इराला संध्याकाळी सांगितलं. हे तिच्यासमोर उभे राहून तयार केलेलं भाषण म्हणणार होते. तिने लॅपटॉपवरून मान वर केली, "फायनली लाह," म्हणाली आणि उठून मला घट्ट मिठी मारली. मी बँकेत असताना कधी कुणासमोर रडले नाही, ताई. काल रडले.

ताई, एकच मनात आहे ते तुम्हाला सांगते. यांच्या पहिल्या संसाराबद्दल मी यांना बोलायला लावते. यांनीही माझ्या गेलेल्या यजमानांबद्दल विचारलं. कुणाला पुसून टाकायचं आम्हा दोघांनाही नकोय. तुम्ही वहिनींना जवळून ओळखत होता, म्हणून तुमच्याकडून हे ऐकायचं होतं की चालेल ना? आज दिवसभर मी तुमच्या उत्तराच्या भीतीत आहे, हे कबूल करते.

आणि एक गंमत. बाग आज बंद होती, रोपं लावली की एक दिवस बंद ठेवतात. पाणी घालायला काही नव्हतं, बघायला काही नव्हतं, सांगायला कारणही काही नव्हतं. संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. हे उभे होते, रिकाम्या हाताने. मी विचारलं, "काय काम काढलंत?" यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "काही नाही. आलोय."

तुमची,
सुलभा